दशावताराची रात्र, चार कॅमेरे आणि एकच टाइमकोड : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

कुडाळ तालुक्यातील एका देवस्थानाच्या जत्रेत रात्रभर चालणारा दहीकाला (दशावतारी नाटकाचा प्रयोग) चार कॅमेऱ्यांनी सलग चित्रित करायचा आणि आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर घ्यायचा, असे काम आमच्याकडे आले आहे. दशावतारी नाटकाची संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेले असते, पण संवाद नट मंचावर उभे राहूनच रचतात. त्यामुळे हुकलेला क्षण दुसऱ्या कोनातून पुन्हा घेण्याची सोय नाही आणि प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू करताना समोर जाऊन क्लॅप मारण्याचीही नाही. मंडळाच्या मालकांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले, "एकदा संकासूर इलो काय मगे कोणी मधी येव नकात." (संकासूर हे पूर्वरंगातले राक्षसाचे पात्र.) म्हणजे प्रत्येक फाइलला आपण नेमक्या कोणत्या क्षणी सुरू झालो हे स्वतःच सांगता आले पाहिजे. त्यासाठी टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा लागणारा क्रमांक.

कॅमेऱ्यांना आम्ही क, ख, ग, घ अशी नावे दिली आहेत. क हा सोनी एफएक्स३, मंचाजवळ, चेहऱ्यांसाठी. ख हा ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के, प्रेक्षकांच्या मागे उंचावर, पूर्ण मंचासाठी. ग हा पॅनासॉनिक जीएच५एस, पेटी, पखवाज आणि झांजवाल्यांवर. घ हा आमचा जुना डीएसएलआर, रंगपटात, जिथे नट स्वतःच स्वतःची रंगभूषा करतात आणि जिथून मंच मुळीच दिसत नाही. ध्वनीसाठी झूम एफ८एन हा रेकॉर्डर. सगळे काही सेकंदाला २५ फ्रेमवर.

१४ नोव्हेंबर

चार टाइमकोड बॉक्स (कॅमेऱ्याला टाइमकोड पुरवणारी छोटी यंत्रे) भाड्याने आणले. नगामागे दिवसाला ६०० रुपये पडले आणि अनामत रक्कम वेगळी द्यावी लागली. ज्याला हेच काम करायचे आहे त्याने बॉक्सपेक्षा केबलींची चौकशी आधी करावी, कारण चार कॅमेऱ्यांना टाइमकोड चार वेगळ्या वाटांनी द्यावा लागतो. एफएक्स३ ला कंपनीची व्हीएमसी-बीएनसीएम१ ही जोडकेबल मल्टी टर्मिनलमध्ये लावावी लागते. पॉकेट ४के तो ३.५ मिलिमीटरच्या माइक सॉकेटच्या डाव्या चॅनलमधून घेतो. जीएच५एस मध्ये फ्लॅश सिंकच्या सॉकेटला सोबत मिळणारी बीएनसी केबल लावायची आणि बाह्य टाइमकोड स्वीकारायचे मेन्यूतून सांगायचे. डीएसएलआरला टाइमकोडची वाटच नाही, म्हणून तिथे तो आवाज म्हणून माइक सॉकेटमध्ये सोडायचा आणि नंतर संगणकावर वाचायचा.

३.५ मिलिमीटर ते बीएनसी अशी एक केबल स्थानिक दुकानात ३५० रुपयांत बनवून घेतली, आणि ग कॅमेरा टाइमकोड घेईना. बॉक्स बदलला, मेन्यू उलटसुलट तपासला, संध्याकाळ त्यातच गेली. शेवटी मल्टिमीटर लावल्यावर कळले की बीएनसीची मधली पिन ३.५ च्या टोकाला न जोडता मधल्या कड्याला जोडली आहे, तर आमचे बॉक्स टाइमकोड टोकावरून सोडतात. पुन्हा डाग देऊन काम भागले. नवी केबल हातात आली की कॅमेऱ्याला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासायची, एवढे त्या दिवसापासून ठरले.

क कॅमेरा भाड्याचा. आधीच्या गिऱ्हाइकाने तो एनटीएससीवर (२९.९७ फ्रेमच्या पद्धतीवर) ठेवला होता, त्यामुळे फ्रेमरेटच्या यादीत २५ दिसतच नव्हते आणि २९.९७ वर चाललेल्या कॅमेऱ्याला २५ चा टाइमकोड मानवत नव्हता. पालवर (२५ फ्रेमच्या पद्धतीवर) आणल्यावर दोन्ही आकडे जुळले. सोबत टाइमकोड 'रेक रन'वरून 'फ्री रन'वर आणला. रेक रनमध्ये चित्रण थांबले की टाइमकोडही थांबतो, आणि आपल्या कामाला ते चालणार नाही.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस घ कॅमेऱ्यावर खर्च झाला. टाइमकोडचा ध्वनी म्हणजे २५ फ्रेमच्या वेगाला सेकंदाला २००० बिट वाहणारी एक कर्कश चीं-चीं आहे. तो डाव्या चॅनलवर आणि एक लहान माइक उजव्या चॅनलवर, अशी वाय-केबलने जोडणी केली. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीवरून टाइमकोड वाचण्याची सोय आहे. ती पहिल्या फाइलींवर कधी चालली, कधी नाही. कारणे दोन निघाली. बॉक्स लाइन पातळीवर (माइकपेक्षा जोरदार संकेतावर) होता आणि सॉकेट माइकचे, म्हणून लहर वरून सपाट कापली जात होती. त्याशिवाय कॅमेऱ्याचे स्वयंचलित ध्वनिनियंत्रण चालू असल्याने रंगपटात कोणी मोठ्याने बोलले की दोन्ही चॅनलची पातळी एकदम खाली जात होती. बॉक्स माइक पातळीवर आणला, ध्वनिनियंत्रण हाताने ठेवले, वाऱ्याचा फिल्टर बंद केला आणि मीटर उणे १८ डेसिबलच्या आसपास स्थिर केले. त्यानंतरची प्रत्येक फाइल वाचली गेली.

एक दोष उरला आहे. डाव्या चॅनलची चीं-चीं उजव्या चॅनलवर बारीकशी पाझरते. केबल वेगवेगळ्या करून पाहिल्या, तरी फरक पडला नाही. बहुधा सॉकेटच्या आतच दोन्ही चॅनल एकमेकांना लागून जात असावेत. रंगपटातला आवाज फक्त संदर्भापुरता हवा आहे असे समजून तूर्त पुढे जातो.

१९ नोव्हेंबर

दीर्घ चाचणी. नोंदींतला सगळ्यात उपयोगी भाग हाच ठरावा, म्हणून तो विस्ताराने लिहितो.

चारही कॅमेरे एका सभागृहात टेबलापासून सारख्याच अंतरावर मांडले. टाइमकोडचा मूळ स्रोत एफ८एन ठेवला, त्यावरून चारही बॉक्स जुळवून घेतले आणि प्रत्येक बॉक्स आपापल्या कॅमेऱ्याला कायम जोडलेला ठेवला. सुरुवातीला एक टाळी, मग तीन तास सलग चित्रण, शेवटी पुन्हा एक टाळी. घ कॅमेरा २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो, तो मध्ये मध्ये पुन्हा सुरू करत राहिलो.

पहिल्या टाळीला चौघेही एका फ्रेमच्या आत होते. तीन तासांनंतरच्या टाळीला मात्र एक कॅमेरा एका फ्रेमने मागे आणि एक चक्क चार फ्रेमनी पुढे निघाला. बॉक्स तपासले, तर ते रेकॉर्डरशी तंतोतंत जुळलेले होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आकडाही बरोबर होता. तरीही फाइल चुकलेली होती.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते साधे आहे. बहुतेक कॅमेरे फाइलमध्ये टाइमकोड एकदाच, सुरुवातीच्या फ्रेमवर लिहितात आणि पुढचा हिशेब केवळ फ्रेम मोजून चालतो. त्या फ्रेम किती वेगाने पडतात हे कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळाचा स्फटिक ठरवतो, बाहेर जोडलेला बॉक्स नव्हे. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद; चार फ्रेम म्हणजे १६० मिलिसेकंद; म्हणजे फरक दशलक्षात साधारण १५ भागांचा. साध्या स्फटिकाला एवढा फरक क्षम्य आहे आणि कॅमेरा बिघडलेला नाही. आमच्याच मनात घट्ट समजूत होती की बॉक्स लावलेला असला की फाइल शेवटपर्यंत बांधलेली राहते. ती बांधलेली राहायची तर जेनलॉक (फ्रेम पडण्याचा वेगच बाहेरच्या संकेताला बांधणे) लागतो, आणि आमच्या चारांपैकी डीएसएलआरला तर त्याची वाटच नाही.

गंमत अशी की ज्या जुन्या डीएसएलआरला आम्ही नावे ठेवत होतो तोच शेवटच्या टाळीला बरोबर होता, कारण दर अर्ध्या तासाने थांबून तो प्रत्येक वेळी ताजा टाइमकोड घेत होता.

२० नोव्हेंबर

त्याच्याकडूनच उपाय घेतला. दशलक्षात १५ च्या हिशेबाने अर्ध्या तासात २७ मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमहून कमी सरक होते. तेव्हा प्रत्येक कॅमेरा दर अर्ध्या तासाने थांबवून लगेच सुरू करायचा. थांबून सुरू होण्यात दोन-तीन सेकंद जातात, म्हणून दोन कॅमेरे एकाच वेळी थांबता कामा नयेत. क तासाच्या आणि साडेच्या ठोक्याला, ख दहा आणि चाळीस मिनिटांनी, ग वीस आणि पन्नास मिनिटांनी. घ त्याच्या मर्यादेआधी केव्हाही, फक्त या मिनिटांना नाही. दोन-तीन मिनिटे मागेपुढे करण्याची मुभा छायाचित्रकाराला दिली आहे, म्हणजे एखादे पात्र आत जाईपर्यंत किंवा पद संपेपर्यंत थांबता येईल.

रेकॉर्डर मात्र रात्रभर थांबवायचा नाही. एफ८एन च्या घड्याळाची अचूकता उत्पादकाने दशलक्षात ०.२ इतकी दिली आहे. आठ तासांत ती चूक सहा मिलिसेकंदांच्या आत राहते. मोजपट्टी तोच, आणि कॅमेऱ्यांचे तुकडे त्याच्यावर बसवायचे.

२३ नोव्हेंबर

आज कागदावरच एक अडचण सापडली. टाइमकोडला घड्याळाची वेळ द्यायची पद्धत सोयीची, पण नाटक रात्री साडेअकराच्या सुमारास उभे राहते आणि उजाडता संपते. मध्यरात्री २३:५९:५९:२४ नंतर आकडा शून्यावर येतो. तसे झाले तर आड दशावतारातील (आख्यानाआधीच्या पूर्वरंगातील) गणपती टाइमलाइनवर आख्यानाच्या कितीतरी नंतर जाऊन बसेल, आणि मध्यरात्र ओलांडणारी फाइल तर कुठेच नीट बसणार नाही.

म्हणून घड्याळातून बारा तास वजा करून टाइमकोड लावायचे ठरवले. रात्री साडेनऊला ०९:३०, मध्यरात्री १२:००, पहाटे पाचला १७:००. आकडा रात्रभर चढताच राहतो आणि टिपणे लिहिणाऱ्यालाही गोंधळ होत नाही, कारण मध्यरात्रीपर्यंत मनगटावरची वेळ आणि टाइमकोड सारखेच दिसतात.

२७ नोव्हेंबर

काल रात्री शेजारच्या एका गावच्या जत्रेत मंडळाच्या परवानगीने तालीम म्हणून ख, ग आणि रेकॉर्डर एवढेच घेऊन गेलो. दशावताराची तालीम होत नाही, त्यामुळे आमची तालीमही खऱ्या नाटकावरच करावी लागली.

पहिली चूक माणसाची. ग ची बॅटरी बदलताना सहायकाने त्यावरचा बॉक्सही बंद केला, वीज वाचावी म्हणून. पुन्हा चालू केल्यावर बॉक्स स्वतःच्याच वेळेने धावू लागला आणि आकडा हलताना दिसत असल्याने कोणाला संशय आला नाही. पहाटे दोनच्या सुमारास लक्षात आले. त्यानंतरच्या सगळ्या फाइली एकाच ठरावीक फरकाने चुकलेल्या होत्या, म्हणून झांजेचा एक ठोका धरून तो फरक काढला आणि सगळ्या एकदम सरकवल्या. आता बॉक्सच्या बटणांवर चिकटपट्टी लावली आहे, आणि दर अर्ध्या तासाला कॅमेरा पुन्हा सुरू करताना छायाचित्रकाराने वॉकी-टॉकीवर आपला आकडा वाचायचा आणि रेकॉर्डरवाल्याने तो ताडून पाहायचा, असा नियम केला. बॉक्सवर लक्ष ठेवणाऱ्या फोनवरच्या अॅपवर विसंबून चालत नाही. गर्दीतून वीस मीटरवरचा बॉक्स त्याला दिसत नव्हता. बॉक्स एकदा जुळले की अॅपची गरज नसते हे खरे, पण ते भरकटले तर अॅप सांगणार नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट चूक नव्हे, तुलना आहे. टाइमकोडऐवजी ध्वनिलहरींवरून कॅमेरे जुळवले तर काय होते हे याच फाइलींवर पाहिले. ख मंचापासून सुमारे २८ मीटर दूर होता. अशा हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे मंचावरचा शब्द ख च्या माइकपर्यंत ८० मिलिसेकंद, नेमक्या दोन फ्रेम उशिरा पोहोचतो. लहरींवरून जुळवणी करणारे सॉफ्टवेअर हा आवाज मंचावरच्या माइकशी जुळवते आणि चित्र दोन फ्रेमनी अलीकडे ओढते. त्यातच जत्रेत कर्णे प्रेक्षकांमध्येही लावलेले असतात. पूर्वरंगाच्या वेळी ख जवळचा कर्णा बंद होता, आख्यानाच्या वेळी चालू झाला, आणि त्याच कॅमेऱ्याची चूक मध्येच बदलली. लहान खोलीत लहरींची जुळवणी उत्तम चालते. देवळाच्या प्रांगणात ती कामाची नाही.

५ डिसेंबर, सकाळ

रात्रीच्या नोंदी टाइमकोडच्या वेळेप्रमाणे देतो.

०९:१० ला रेकॉर्डरवरून चारही बॉक्स जुळवले आणि कॅमेऱ्यांवर चढवले. मालकांच्या परवानगीने रिकाम्या मंचावर बाकड्याशेजारी उभे राहून एक टाळी घेतली. क, ख आणि ग यांना ती दिसली. घ साठी रंगपटात टाइमकोड दाखवणारा बॉक्सच काही क्षण भिंगासमोर धरला.

११:३५ ला सुरुवात. संकासुराच्या प्रवेशात क ची पुन्हा सुरू करायची वेळ आली आणि छायाचित्रकाराने ती चार मिनिटे पुढे ढकलली. योग्यच केले.

१४:१८ ला वीज गेली आणि जनरेटर लागेपर्यंत अंधार झाला. नट थांबले नाहीत. पेटी-पखवाज चालूच राहिले. रेकॉर्डर आणि बॉक्स बॅटरीवर असल्याने त्यांना काहीच झाले नाही. ख मात्र सोयीसाठी थेट विजेवर ठेवला होता, तो बंद पडला, आणि त्या वेळी चालू असलेली फाइल नंतर उघडली नाही. ती फाइल १४:०९ ला सुरू केलेली असल्याने नुकसान नऊ मिनिटांपुरते राहिले. अर्ध्या तासाचा नियम आम्ही सरकीसाठी केला होता. तो इथे असा उपयोगी पडला. वीज आल्यावर कॅमेऱ्याने बॉक्सवरून टाइमकोड लगेच उचलला, कोणाला काही जुळवावे लागले नाही. बॉक्स कॅमेऱ्यावर कायम ठेवावा की सुरुवातीला जुळवून काढून घ्यावा, यावर आमच्यात वाद होता. तो तिथे मिटला.

१७:५० ला दहीकाल्याची हंडी फुटली. उजेडात पुन्हा एक टाळी घेतली.

९ डिसेंबर

जुळवणी. रिझॉल्व्हमध्ये काहीही आयात करण्याआधी प्रकल्पाचा फ्रेमरेट २५ केला, कारण साहित्य आत आल्यावर तो बदलता येत नाही. कॅमेऱ्यांच्या फाइलींना मेटाडेटामध्ये क, ख, ग, घ अशी नावे दिली. घ च्या फाइलींचा टाइमकोड ध्वनीवरून वाचून घेतला. त्यांतल्या दोन वाचल्या गेल्या नाहीत, कारण रंगपटात कोणाचा तरी धक्का लागून प्लग सैल झाला होता. त्यांपैकी एका फाइलच्या मध्यावर चीं-चीं परत सुरू होत होती, म्हणून तेवढा भाग वेगळा निर्यात करून वाचला आणि मागे मोजत सुरुवात काढली. दुसरी पेटीच्या सुरांवरून अदमासाने बसवली.

त्यानंतर टाइमकोडवरून मल्टिकॅम क्लिप (सगळे कॅमेरे एकत्र असलेली क्लिप) तयार केली आणि सगळी रात्र एका टाइमलाइनवर आली. पहाटेच्या टाळीला तिन्ही कॅमेरे रेकॉर्डरशी एका फ्रेमच्या आत आहेत. याहून बारीक जुळणीची अपेक्षा नव्हती. टाइमकोड फ्रेमला क्रमांक देतो, पण चारही कॅमेऱ्यांचे शटर एकाच क्षणी उघडत नाही, त्यामुळे अर्ध्या फ्रेमपर्यंतचा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा फरक उरतोच. ओठ आणि शब्द यांत तो जाणवत नाही. पखवाजावरच्या थापेच्या अगदी जवळच्या दृश्यात, माहीत असेल तर, जाणवतो.

संकलकाचा फोन आला की ख दोन फ्रेमनी चुकला आहे. तो ख च्या स्वतःच्या माइकचा आवाज ऐकत होता. कॅमेऱ्यांचे सगळे आवाज बंद करून रेकॉर्डरचा लावायला सांगितल्यावर तक्रार मिटली.

१५ डिसेंबर

वीज जाण्याआधीच्या नऊ मिनिटांचे ख चे चित्र नाही. तिथे क आणि ग वर निभावले आहे. ख साठी आता मोठी बॅटरी घेणार, म्हणजे थेट वीज फक्त ती भरण्यापुरती लागेल. घ च्या उजव्या चॅनलवरची पाझरलेली चीं-चीं फिल्टरने कमी झाली, गेली नाही, आणि नेमके रंगपटात एका ज्येष्ठ नटाने रंग लावताना सांगितलेले किस्से त्याच चॅनलवर आहेत. संदर्भापुरता म्हणून सोडलेला आवाज शेवटी हवासा झाला. त्या भागाला उपशीर्षके देत आहोत. एफ८एन चे दोन चॅनल त्या रात्री रिकामेच होते; पुढच्या जत्रेला त्यांतला एक रंगपटापर्यंत वायरने न्यायचा आणि घ कॅमेऱ्याला फक्त टाइमकोड ऐकवायचा. चाळीस मीटर एक्सएलआर वायर आणि दोन जोडण्या मिळून सुमारे २,४०० रुपयांचा अंदाज दुकानदाराने दिला आहे.